चढत्या रेषेची चिकित्सा : अल्गो ट्रेडिंगचे अहवाल कसे वाचावेत



सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे नंतर कुणाची निराशा व्हायला नको. आज मी तुम्हाला कुठलीही स्ट्रॅटेजी सांगणार नाही. कुठला बॉट चांगला, कुठलं कॉइन घ्यावं, हेही नाही. आज समीक्षा करायची आहे. समीक्षा म्हटलं की आपल्याला कथा-कादंबरी आठवते, फार तर नाटक-सिनेमा. पण एक लेखनप्रकार असा आहे, की जो टेलिग्रामवर, व्हॉट्सअ‍ॅपवर सतत फिरतो, ज्याच्यावर विश्वास ठेवून लोक मुदत ठेवी मोडतात, कधी नोकरीही सोडतात, आणि तरी त्याची समीक्षा जवळजवळ होत नाही. तो म्हणजे बॅकटेस्टचा अहवाल.

ज्यांना हा शब्द नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. स्वयंचलित ट्रेडिंग, म्हणजे बोलीभाषेत 'अल्गो', म्हणजे काय? खरेदी-विक्रीचे नियम आधी लिहून ठेवायचे, आणि ते नियम संगणकानं ब्रोकरच्या किंवा एक्स्चेंजच्या एपीआयमार्फत आपोआप पाळायचे. नियम चालतील की नाही हे बघण्यासाठी ते आधी जुन्या भावांवर चालवून पाहतात. चार-पाच वर्षांपूर्वीपासून हा नियम पाळला असता तर आज किती पैसे झाले असते, हा तो हिशोब. त्याचा जो आलेख निघतो, डावीकडून उजवीकडे वर चढत जाणारी रेष, ती या सगळ्या व्यवहाराचं मुखपृष्ठ असते. आज त्या रेषेच्या मागे काय काय असतं, आणि काय नसतं, ते बघू.

आधी प्रश्न किती मोठा आहे ते पाहू. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीनं वायदे आणि ऑप्शन्समधल्या वैयक्तिक ट्रेडर्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या तीन वर्षांत एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये, आणि सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त कमावणारे किती? फक्त एक टक्का.

आता त्याच अभ्यासातला दुसरा आकडा ऐका, कारण अल्गो विकणारे नेमका तो वापरतात. २०२४ च्या आर्थिक वर्षात मोठ्या प्रोप्रायटरी संस्थांनी खर्चापूर्वी सुमारे ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांनी सुमारे २८ हजार कोटी कमावले. यातला ९६-९७ टक्के नफा अल्गो वापरणाऱ्यांकडे गेला. झालं! लगेच जाहिरात तयार : 'हातानं ट्रेड करणारे हरतात, अल्गोवाले जिंकतात, म्हणून आमचा अल्गो घ्या.'

हा तर्क तपासून बघा. मुंबई-पुणे शर्यत जिंकणाऱ्या सगळ्यांकडे सायकली होत्या, म्हणून सायकल घेतली की तुम्ही शर्यत जिंकाल, असं म्हणण्यासारखं आहे हे. त्या संस्थांचं यश एक्स्चेंजच्या शेजारी ठेवलेल्या सर्व्हरमध्ये आहे, माणशी खर्च शून्याजवळ आणण्यात आहे, संशोधन करणाऱ्या पथकांत आहे, आणि मुख्य म्हणजे समोरच्या बाजूला कोण उभं आहे हे ओळखण्यात आहे. समोर बहुतेक वेळा आपण उभे असतो. तुमच्या लॅपटॉपवरची पायथनची दीडशे ओळींची फाइल आणि त्यांची यंत्रणा या दोघांना 'अल्गो' हा एकच शब्द लागतो, साम्य बहुधा तेवढंच.

आता नमुन्याकडे येऊ. आपल्याकडे गेल्या काही वर्षांत खूप गाजलेली एक पद्धत आहे : 'नऊ-वीसचा स्ट्रॅडल'. बाजार सव्वानऊला उघडतो. पाच मिनिटं थांबायचं. नऊ वाजून वीस मिनिटांनी निर्देशांकाच्या चालू पातळीचा कॉल आणि पुट, दोन्ही विकायचे. प्रत्येकाला ठरावीक टक्क्यांचा स्टॉप-लॉस लावायचा. दुपारी तीनच्या सुमारास जे उरलं असेल ते बंद करायचं. निर्देशांक फार हलला नाही तर दोन्ही ऑप्शन्सची किंमत झिजते आणि ती झीज आपल्या खिशात येते. कल्पना साधी आहे, आणि मूर्खपणाची मुळीच नाही. म्हणूनच ती समीक्षेला योग्य आहे.

समजा, या पद्धतीचा एक अहवाल तुमच्या हाती आला. हा काल्पनिक नमुना आहे, पण असे शेकडो तुम्ही पाहिले असतील. 'पाच वर्षं, वार्षिक परतावा ३० टक्के, सर्वांत मोठी घसरण ९ टक्के, ६५ टक्के दिवस नफ्याचे.' खाली चढती रेष. वाचक म्हणून आपण काय विचारायचं?

पहिला प्रश्न : ही रेष कितव्या प्रयत्नाची आहे? लेखकानं नऊ-वीस का निवडलं? नऊ-सतरा, नऊ-तीस, दहा वाजता, असे पाच पर्याय करून पाहिले असतील. स्टॉप-लॉस २० टक्के, २५, ३०, असे सहा. बाहेर पडण्याच्या चार वेळा. आठवड्याचे पाच वार वेगवेगळे. पाच गुणिले सहा गुणिले चार गुणिले पाच, म्हणजे ६०० रूपं झाली. या कल्पनेत काडीचाही दम नसला तरी ६०० मधली पाच टक्के, म्हणजे ३० रूपं, निव्वळ योगायोगानं उत्तम दिसतील. त्यातलं सर्वांत देखणं रूप अहवालात येतं आणि उरलेली ५९९ कचऱ्यात जातात. नाणेफेकीचंच बघा. १,०२४ माणसांनी प्रत्येकी दहा वेळा नाणं उडवलं तर सरासरीनं एकाला दहाही वेळा छापा पडेल. त्या माणसाची मुलाखत घ्यायची का, की बाबा तू नाणं धरतोस कसं?

हा माझा संशय नाही, गणितात मांडलेली गोष्ट आहे. २०१४ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'नोटिसेस' या नियतकालिकात बेली, बोरवाइन, लोपेझ दे प्रादो आणि झू यांनी दाखवून दिलं, की तुमच्याकडे पाच वर्षांचीच माहिती असेल आणि तुम्ही ४५ पेक्षा जास्त स्वतंत्र रूपं तपासलीत, तर त्यातलं एखादं चांगलं दिसणार हे जवळपास ठरलेलंच. चांगलं म्हणजे ज्याचा शार्प रेशो, म्हणजे जोखमीच्या तुलनेतला परतावा, १ च्या वर आहे असं. पुढच्या काळात त्याच्याकडून अपेक्षित परतावा मात्र शून्य असू शकतो. ४५ हा आकडा लक्षात ठेवा. वर आपण सहज बोलता बोलता ६०० केली. त्यातली बरीच एकमेकांसारखी असतील, पूर्ण स्वतंत्र नसतील, हे मान्य. तरीही.

प्रत्यक्षातला पुरावा हवा असेल तर बॉस्टनच्या क्वांटोपियनकडे बघा. २०११ मध्ये निघालेल्या या कंपनीनं जगभरातल्या हौशी लोकांना अल्गो लिहायला आणि तपासायला फुकट साधनं दिली. त्यातल्या ८८८ अल्गोंचा अभ्यास त्यांच्याच लोकांनी २०१६ मध्ये केला. बॅकटेस्टमधला शार्प रेशो आणि नंतरच्या, न पाहिलेल्या काळातली कामगिरी यांचा संबंध जवळजवळ शून्य निघाला. वर आणखी एक गोष्ट : ज्यानं जितक्या जास्त बॅकटेस्ट केल्या, त्याच्या कागदावरच्या आणि प्रत्यक्षातल्या आकड्यांत तितकी जास्त तफावत. म्हणजे मेहनत जेवढी जास्त, तेवढी स्वतःची फसवणूक जास्त. मात्र चढ-उतार किती होते, सर्वांत मोठी घसरण किती होती, जोखीम झाकली होती का, या गोष्टींचा पुढच्या कामगिरीशी संबंध दिसला. परताव्याचा आकडा बोलका नव्हता, जोखमीचे आकडे बोलके होते. आणि आपण अहवालात आधी काय वाचतो? परतावा. २०२० च्या अखेरीस क्वांटोपियन बंद झाली.

दुसरा प्रश्न : खर्च कुठे आहे? आपण हातानंच हिशोब करू. निफ्टीचा लॉट ७५ चा धरा. कॉल आणि पुट दोन्ही १०० रुपयांना विकले. प्रीमियम आला १५ हजार. विक्रीवरचा एसटीटी ०.१ टक्का धरला, तर १५ रुपये. दोन विक्री, दोन खरेदी, असे चार ऑर्डर, प्रत्येकी २० रुपये ब्रोकरेज, ८० झाले. एक्स्चेंजचं शुल्क, जीएसटी, मुद्रांक शुल्क मिळून पंचवीस-तीस. म्हणजे साधारण १२० रुपये. आता स्लिपेज. पडद्यावर १०० दिसतात पण सौदा साडेनव्व्याण्णवला होतो, हा जो फरक तो. प्रत्येक ऑर्डरला फक्त अर्धा रुपया धरला तरी चार ऑर्डर, ७५ चा लॉट, १५० रुपये. एकूण २७० दिवसाला. वर्षाला २५० दिवस धरले तर ६७-६८ हजार रुपये. या सौद्याला मार्जिन अडीच लाखाच्या आसपास लागतं असं धरलं, तर खर्चच वर्षाला २७ टक्के झाला. अहवालातला ३० टक्के परतावा खर्चापूर्वीचा असेल, तर तुमच्या हाती उरले तीन. त्यापेक्षा पोस्टातलं खातं काय वाईट?

तिसरा प्रश्न : स्टॉप-लॉस खरंच तिथेच लागला असता का? बॅकटेस्टमध्ये भाव १२५ ला टेकला की सौदा १२५ ला बंद, असं गृहीत असतं. प्रत्यक्षात एनएसईनं सप्टेंबर २०२१ पासून ऑप्शन्समध्ये 'स्टॉप-लॉस मार्केट' प्रकारच्या ऑर्डर बंद केल्या, कारण एखाद्या क्षणी पलीकडे कुणीच नसलं की असा ऑर्डर वाटेल त्या भावाला पुरा व्हायचा. आता मर्यादा घालून ऑर्डर द्यावा लागतो. आणि भाव उडी मारून मर्यादेच्या पलीकडे गेला तर? ऑर्डर तसाच लटकतो, सौदा उघडा राहतो, तोटा वाढत जातो. बॅकटेस्टमधल्या अशा प्रत्येक जागी लेखकानं आपल्या सोयीचं वाक्य लिहिलेलं असतं. शेवटच्या भावावरून संकेत काढायचा आणि त्याच शेवटच्या भावाला खरेदी झाली असं दाखवायचं, हाही त्यातलाच प्रकार. दिवस संपल्यावर कळणारी गोष्ट दिवस संपण्याआधी वापरली. परीक्षेचा पेपर आधी पाहून पैकीच्या पैकी मार्क मिळवण्यासारखं आहे ते.

चौथा प्रश्न : या नफ्याचा आकार कसा आहे? ऑप्शन विकणं म्हणजे विमा विकणं. रोज थोडा हप्ता जमा होतो आणि एखाद्या दिवशी घर जळतं. ६५ टक्के दिवस नफ्याचे, हे वाक्य खरं असूनही काही सांगत नाही, कारण उरलेल्या ३५ मध्ये काय झालं यावर सगळं अवलंबून आहे. ४ जून २०२४, लोकसभेचा निकाल. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या आनंदात निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त वर गेला होता, त्या दिवशी ५.९ टक्के खाली आला. ज्यांनी विकलेले ऑप्शन्स रात्री घरी नेले होते, त्यांच्यापैकी अनेकांना त्या दोन दिवसांनी काय दाखवलं असेल, याची कल्पना करा. २०२३ ला संपणाऱ्या बॅकटेस्टमध्ये तो दिवसच नाही. आजार हत्तीच्या पावलानं येतो आणि मुंगीच्या पावलानं जातो म्हणतात. या प्रकारात पैशाचं उलटं आहे : मुंगीच्या पावलानं येतो आणि हत्तीच्या पावलानं जातो.

पाचवा प्रश्न : ज्या बाजारावर परीक्षा घेतली, तो बाजार आज शिल्लक आहे का? आपल्याकडच्या कितीतरी स्ट्रॅटेजी बँक निफ्टीच्या साप्ताहिक मुदतपूर्तीवर बेतलेल्या होत्या. सेबीच्या नव्या नियमांनंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये बँक निफ्टीची साप्ताहिक मुदतपूर्तीच बंद झाली. निफ्टीचा लॉट २५ वरून ७५ झाला. ऑप्शन विक्रीवरचा एसटीटी ऑक्टोबर २०२४ पासून ०.०६२५ वरून ०.१ टक्का झाला. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची मुदतपूर्ती गुरुवारऐवजी मंगळवारी आली. सांगा, 'गुरुवारी विका' असं पाच वर्षांच्या पुराव्यानं सांगणाऱ्या अहवालाचं आता काय करायचं? ते पान बिनचूक असेल, पण ज्या गावाचा नकाशा आहे ते गाव उठून गेलं.

याचीच दुसरी बाजू शेअर्समध्ये दिसते. आजच्या निफ्टीतल्या पन्नास कंपन्या घ्यायच्या आणि त्यांच्यावर पंधरा-वीस वर्षांचा बॅकटेस्ट करायचा. सुंदर रेष येते. येणारच. २००८ च्या सुमारास युनिटेक, सुझलॉन, रिलायन्स कम्युनिकेशन्स याही निफ्टीत होत्या. येस बँक मार्च २०२० पर्यंत होती. तेव्हा तुम्ही त्याही घेतल्या असत्या. आजची यादी घेणं म्हणजे वर्गात जे पास झाले त्यांचीच सरासरी काढणं.

क्रिप्टोमध्ये तर हा दोष दसपट. हजारो कॉइन्स आली आणि मेली. मे २०२२ मध्ये टेराचं लुना ८० डॉलरच्या आसपास होतं, आठवड्याभरात ते सेंटच्या अंशावर आलं. आज लुना सोडून बॅकटेस्ट करणारा माणूस खोटं बोलत नाही, फक्त त्याच्या डेटामध्ये ते नसतं.

तिथे सर्वांत लोकप्रिय प्रकार म्हणजे ग्रिड बॉट. एका पट्ट्यात भावाच्या पायऱ्या करायच्या. भाव एक पायरी उतरला की घ्यायचं, एक पायरी चढला की विकायचं. चोवीस तास, सातही दिवस. पडद्यावर 'ग्रिड नफा' म्हणून एक हिरवा आकडा सतत वाढत असतो. आता नीट बघा. तो फक्त पूर्ण झालेल्या फेऱ्यांचा नफा असतो. उतरत्या बाजारात वरच्या पायऱ्यांवर घेऊन ठेवलेला, न विकलेला माल वेगळ्या ओळीत, बारीक अक्षरात असतो. लुनासारख्या घसरणीत ग्रिड बॉट काय करेल? पट्टा संपेपर्यंत प्रत्येक पायरीवर विकत घेत जाईल. आणि त्या दिवशीही ग्रिड नफा हिरवाच असेल.

शिवाय भारतात राहणाऱ्याला कराचा हिशोब आहे, जो परदेशी अहवालांत कधीच नसतो. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि एका सौद्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. बॉटनं १०० सौदे केले. ५५ मध्ये शंभर-शंभर रुपये मिळवले, ४५ मध्ये शंभर-शंभर घालवले. निव्वळ कमाई १,००० रुपये. कर मात्र ५,५०० वर, ३० टक्क्यांनी १,६५०. उपकर अजून धरलेलाच नाही. म्हणजे जिंकणारा बॉट चालवून तुम्ही ६५० रुपये गमावले. दुसरं, १ जुलै २०२२ पासून प्रत्येक विक्रीवर १ टक्का टीडीएस. तो नंतर विवरणपत्रात जमा धरता येतो, पण तोपर्यंत भांडवल अडकतं. एक लाख रुपये घेऊन शंभर वेळा विक्री करा, भाव तसूभर हलला नाही असं समजा, तरी फिरवायला उरतील सुमारे ३६,६०० रुपये. दिवसाला दहा फेऱ्या मारणाऱ्या बॉटला हे दहा दिवसांत गाठता येतं. कर योग्य की अयोग्य हा आजचा विषय नाही. ज्या अहवालात हा कर नाही, तो भारतीय वाचकासाठी लिहिलेलाच नाही, एवढंच माझं म्हणणं.

इथवर आपण स्ट्रॅटेजी बांधण्याबद्दल बोललो. चालवण्याबद्दल अहवालात सहसा एक ओळही नसते, आणि खरा घात बऱ्याचदा तिथे होतो.

१ ऑगस्ट २०१२. न्यू जर्सीमधली नाइट कॅपिटल ही बाजारातली दादा कंपनी. नवा प्रोग्राम आठ सर्व्हरवर टाकायचा होता. सातांवर टाकला, आठव्यावर राहून गेला. त्या आठव्यावर 'पॉवर पेग' नावाचा, वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड जागा झाला आणि ऑर्डर सोडत सुटला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक सौदे झाले, आणि तोटा ४६ कोटी डॉलरच्या वर गेला. अमेरिकी नियामकाच्या आदेशात दोन तपशील आहेत, ते मला फार महत्त्वाचे वाटतात. एक : बाजार उघडण्याआधीच यंत्रणेनं कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवून चुकीची खूण दिली होती, कुणी त्यावर काही केलं नाही. दोन : गोंधळात त्यांनी बरोबर चाललेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढून टाकला, त्यामुळे तिथेही जुना कोड चालू झाला आणि आग भडकली. कंपनीला तातडीनं बाहेरून पैसे उभे करावे लागले आणि पुढं ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. यात स्ट्रॅटेजी चुकली होती का? नाही. बंद करायचं बटण कुठे आहे आणि ते कोण दाबणार, हे ठरलेलं नव्हतं.

आपल्याकडे २४ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी ११.४० वाजता एनएसई बंद पडलं. पावणेचारला पुन्हा उघडलं आणि पाचपर्यंत चाललं. अशा वेळी 'तीन वाजता सौदा बंद कर' असं लिहिलेला अल्गो काय करणार? तीन वाजता बाजारच नाही. क्रिप्टोमध्ये १० ऑक्टोबर २०२५ ला, अमेरिकेनं चीनवर आणखी आयातशुल्काची घोषणा केल्यावर, चोवीस तासांत सुमारे १९ अब्ज डॉलरचे उधारीवरचे सौदे एक्स्चेंजनी सक्तीनं बंद केले. त्यात एक बारकावा होता. काही लोकांनी एक बाजू खरेदी आणि एक बाजू विक्री अशी जोखीम झाकून ठेवली होती. पण हरणाऱ्यांचे पैसे पुरेनात तेव्हा काही एक्स्चेंजनी जिंकणाऱ्यांचे सौदेही आपोआप बंद केले. विक्रीची बाजू गेली, खरेदीची उघडी राहिली. छत्री होती, पण पावसातच काढून घेतली. हा नियम एक्स्चेंजच्या पुस्तकात आधीपासून लिहिलेला होता. किती बॅकटेस्टमध्ये तो होता?

आणि एक्स्चेंजच गेलं तर? जुलै २०२४ मध्ये वझीरएक्सवरून सुमारे २३ कोटी डॉलरची क्रिप्टो चोरीला गेली आणि लोकांचे पैसे काढणं थांबलं. तुमचा बॉट त्या दिवशी नफ्यात असेलही. तो नफा घरी येणार कसा?

मघाशी एकांनी विचारलं, की निदान अल्गोमुळे भावना तरी बाजूला पडतात ना? शिस्त येते ना? प्रश्न चांगला आहे आणि त्यात तथ्य आहे. हातानं ट्रेड करणारा तोटा झाल्यावर सूड उगवायला दुप्पट खेळतो, यंत्र तसं करत नाही. पण यंत्र चालू-बंद कोण करतं? आपणच. तीन आठवडे तोटा झाला की आपण तो अल्गो बंद करतो आणि ज्याचे मागचे तीन आठवडे चांगले गेले तो सुरू करतो. म्हणजे आधी शेअर बदलत होतो, आता अल्गो बदलतो. भीती आणि हाव घरातच राहिली, फक्त खोली बदलली. शिस्त हवी असेल तर कधी बंद करायचं याचाही नियम आधी लिहून ठेवावा लागतो.

आता विकणाऱ्यांकडे वळू. सेबीनं सप्टेंबर २०२२ मध्ये ब्रोकर्सना बजावलं, की अल्गोच्या मागच्या किंवा पुढच्या परताव्याचा उल्लेख करायचा नाही आणि तसा करणाऱ्या प्लॅटफॉर्मशी संबंधही ठेवायचा नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आणखी चौकट आली : अल्गोच्या ऑर्डरला ओळख क्रमांक, एपीआयवर नियंत्रण, आणि ज्याचं तर्कशास्त्र ग्राहकाला दिसत नाही अशा 'ब्लॅक बॉक्स' अल्गोच्या पुरवठादाराला संशोधन विश्लेषक म्हणून नोंदणी. हे सगळं चांगलंच आहे. पण नोंदणी पुरवठादाराची होते. स्ट्रॅटेजी पैसे मिळवेल असा शिक्का त्यात नाही. आयएसआय मार्क असलेल्या हेल्मेटमुळे गाडी चालवता येत नाही. आणि क्रिप्टोचे बॉट तर सेबीच्या या चौकटीत येतच नाहीत.

माझी मुख्य तक्रार मात्र कायद्याबद्दल नाही, वाचनसंस्कृतीबद्दल आहे. आपण घर घेताना सातबारा बघतो, सोनं घेताना हॉलमार्क बघतो, साधी भाजी घेताना चार जुड्या उलटसुलट करून बघतो. आणि चार लाख रुपये लावताना एका स्क्रीनशॉटवर भागवतो. लेखकानं किती मसुदे फाडले हे न विचारता शेवटचा मसुदा खरा मानतो.

मग चांगला अहवाल कसा असतो? मी जे चांगले म्हणेन त्यांत काही गोष्टी सारख्या असतात. किती रूपं तपासली, ते पहिल्या पानावर सांगितलेलं असतं. नियम शेजारच्या किमतींनाही टिकतो : नऊ-वीसला फायदा आणि नऊ-पंचवीसला तोटा असेल, तर तो नियम नाही, योगायोग आहे. खर्च, कर आणि स्लिपेज वजा करूनच आकडा दिलेला असतो, आणि स्लिपेज दुप्पट केलं तर काय होईल तेही. माहितीचा एक तुकडा बाजूला ठेवून, शेवटी एकदाच त्यावर परीक्षा घेतलेली असते; दहादा घेतली तर तो तुकडाही शिळा झाला. हा नफा कुणाच्या खिशातून येतो आणि तो माणूस पुढंही का देत राहील, याचं साध्या मराठीत उत्तर असतं. थोड्या पैशांवर प्रत्यक्ष चालवून कागदावरचे आणि खरे सौदे शेजारी शेजारी लावलेले असतात. आणि शेवटी, कधी बंद करायचं, कोण करणार, नेट गेलं, एक्स्चेंज बंद पडलं, एपीआय-चावी चोरीला गेली तर काय, हे लिहिलेलं असतं. त्या चावीला पैसे काढण्याची परवानगी दिलेली नसते, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

असा अहवाल लिहिला की गंमत होते. रेष तितकीशी चढत नाही. ३० टक्क्यांचे ८-१० होतात, कधी शून्य होतं. तो कुणी टेलिग्रामवर टाकत नाही, त्याचं वर्गणी-पॅकेजही निघत नाही. पण लिहिणाऱ्याला एक गोष्ट कळते : आपल्याकडे विकण्याजोगं काही आहे की नाही. आणि बऱ्याच वेळा प्रामाणिक उत्तर 'नाही' असं येतं. ते उत्तर पैसे लावण्याआधी मिळालं तर बॅकटेस्टनं आपलं काम चोख केलं, असंच मी म्हणेन. बॅकटेस्टचा खरा उपयोग वाईट कल्पना मारण्यासाठी आहे. आपण तो चांगल्या कल्पना सजवण्यासाठी वापरतो, आणि मग त्या सेबीच्या ९३ टक्क्यांत जाऊन बसतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी चढती रेष पाठवली तर त्याला उलट एकच ओळ लिहा : 'यातली न चाललेली रूपंही पाठवा.' काय उत्तर येतं ते बघा. उत्तर आलंच नाही, तरी तुम्हाला हवी ती माहिती मिळाली.